कारागृहातील दूरध्वनी: महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बंद्यांना कुटुंबीयांशी व वकिलांशी दूरध्वनीवरून बोलण्याचा हक्क नियमांत स्पष्टपणे नोंदवण्याबाबत

महोदय,

कारागृहात असलेल्या माणसाचा घराशी संबंध आज तीन मार्गांनी टिकतो: पत्र, मुलाखत आणि दूरध्वनी. मुलाखत म्हणजे नातेवाइकाने कारागृहाच्या दारात नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवून, जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडे उभ्या असलेल्या बंद्याशी ठरावीक मिनिटे केलेले बोलणे. यांपैकी पत्रव्यवहार समाजातूनच ओसरल्यामुळे कारागृहातही क्षीण झाला आहे. मुलाखतीसाठी लागणारे गाडीभाडे आणि बुडणारी मजुरी हातावर पोट असलेल्या कुटुंबाला वारंवार सोसत नाही. आणि म्हणून फोनवरची काही मिनिटे हाच असंख्य घरांसाठी एकमेव वापरता येण्याजोगा मार्ग उरला आहे. तरीही तिन्ही मार्गांत त्याचेच स्थान सर्वांत कच्चे आहे, कारण चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी, शिस्तभंग झाल्यास काढून घेता येणारी आणि खात्यावर पैसे असतील तरच वापरता येणारी सोय असे त्याचे स्वरूप व्यवहारात राहिले आहे. बंद्याचे घरच्यांशी व वकिलाशी होणारे बोलणे हा त्याचा हक्क आहे असे नियमांत लिहावे, आणि तो हक्क गरिबाला, नवख्याला व दूरच्या बंद्याला प्रत्यक्ष वापरता येईल अशी व्यवस्था करावी, ही या पत्रातील मागणी आहे.

या मागणीला कायद्याचा आधार आहे आणि त्यातील एक आधार महाराष्ट्रातूनच आलेला आहे. साठच्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले, म्हणजे खटला न चालवता प्रतिबंधक कारवाई म्हणून अटकेत ठेवलेले, प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. स्थानबद्धांना लागू असलेल्या अटींत पुस्तक प्रसिद्ध करण्याची मुभा नमूद नाही, म्हणून ती नाही, अशी सरकारची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने ती उलटी ठरवली: अटींत जे निर्बंध स्पष्टपणे घातलेले आहेत तेवढेच लादता येतात, आणि मुभेचा उल्लेख नाही एवढ्या कारणावरून माणसाचे उरलेले स्वातंत्र्य हिरावता येत नाही. पुढे १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरॅली म्युलिन यांच्या प्रकरणात, दिल्लीच्या तिहार कारागृहात स्थानबद्ध असलेल्या या महिलेला कुटुंबीयांची भेट महिन्यातून एकदाच आणि वकिलाची भेट सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या उपस्थितीतच देणारी तरतूद त्याच न्यायालयाने रद्द केली, आणि कुटुंबीयांना व स्नेह्यांना भेटणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या काळी भेट म्हणजे समोरासमोरची भेटच होती. कारागृह अधिनियम तर १८९४ चा; सामान्य माणसाच्या घरी फोन असेल ही कल्पनाही तो करणाऱ्यांपुढे नव्हती. भेटीमागचे तत्त्व मान्य झाल्यावर केवळ साधन बदलले म्हणून हक्काचा दर्जा खाली यावा, याला कोणतेही समर्थन सापडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःही हे पाऊल टाकलेले आहे. देशातील १,३८२ कारागृहांतील अमानुष स्थितीविषयीच्या प्रकरणात, कारागृहांत होणाऱ्या आत्महत्या व इतर अनैसर्गिक मृत्यूंचा विचार करताना, १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने कुटुंबीयांच्या भेटींना उत्तेजन द्यावे आणि बंदी व कुटुंब, तसेच बंदी व वकील यांच्यातील संवादासाठी फोन व दूरदृश्य प्रणालीचा वापर करण्याची शक्यता तपासावी असे राज्यांना सांगितले. हा संदर्भ लक्षात घेण्याजोगा आहे. घरच्यांशी बोलण्याचा प्रश्न न्यायालयापुढे करमणुकीचा वा सोयीचा प्रश्न म्हणून आला नव्हता. माणसे आत जीव देतात, ते थांबवायचे कसे, या प्रश्नाच्या उत्तरात तो आला होता. त्याच प्रकरणात नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने पुढे शिफारस केली की नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक बंद्याला पहिल्या आठवड्यात दररोज एक फोन विनामूल्य करू द्यावा.

या शिफारशीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पहिला आठवडा हा कारागृहातील सर्वांत धोक्याचा आणि कायदेशीरदृष्ट्या सर्वांत निर्णायक काळ असतो. अटक झाल्याची खबर नातेवाइकाला देण्याचे बंधन पोलिसांवर आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८ व्या कलमात ते स्पष्टपणे लिहिलेले आहे. परंतु पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाल्यावर माणूस कोणत्या कारागृहात गेला, पुढची तारीख कोणती, वकील कोण, जामीनदार म्हणून कोणाला उभे करायचे, रोजचे औषध कोणते आणि ते कसे पोहोचवायचे, हे घरी कळण्याचा खात्रीचा मार्ग बंद्याने स्वतः बोलण्याखेरीज दुसरा नसतो. त्यात एक नवी अडचण भर घालते. अटकेच्या वेळी मोबाइल जप्त होतो, आणि घरच्यांचे सगळे क्रमांक त्यातच असतात. आजच्या पिढीतील माणसाला स्वतःच्या आईचा क्रमांकही बहुधा तोंडपाठ नसतो. म्हणून फोनची परवानगी दिली तरी फिरवायचा क्रमांकच हाती नाही, अशी अवस्था होते. यावर उपाय खर्चिक नाही: न्यायालयीन कोठडीचे वॉरंट, म्हणजे बंद्याला कारागृहात ठेवून घेण्याचा लेखी आदेश, तयार होताना कुटुंबातील दोन व्यक्तींचे आणि वकिलाचे क्रमांक त्याच्यासोबत लिहून पाठवण्याची सक्ती पोलिसांवर करता येईल, आणि दाखल होताना पहिला फोन अधीक्षकांच्या कार्यालयातून, त्याच दिवशी, लावून देता येईल.

हे सारे कोणासाठी मागितले जात आहे, याचाही विचार व्हावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन होते. न्यायाधीन बंदी, ज्याला बोलीत कच्चा कैदी म्हणतात, तो अद्याप दोषी ठरलेला नसतो. त्याच्यावर कोणतीही शिक्षा चालू नसते, आणि म्हणून घरापासून तोडणे हा शिक्षेचा भाग आहे असा युक्तिवाद, जो मुळातच लंगडा आहे, त्याच्या बाबतीत तर मांडताच येत नाही. जामीन मंजूर होऊनही रक्कम किंवा जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेल्या माणसांची अवस्था याहून विदारक आहे. अशा बंद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले, त्यांत सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे असे सांगितले, आणि केंद्राने त्याच वर्षी गरीब बंद्यांना जामीन व दंडाच्या रकमेसाठी साहाय्य करण्याची योजनाही आणली. परंतु जामीनदार शोधण्याचे, सात-बारा किंवा पगाराचा दाखला मिळवण्याचे काम शेवटी घरचा माणूस करतो, आणि त्याला ते सांगावे लागते. फोन लागला नाही तर मंजूर झालेला जामीनही कागदावर राहतो.

पैशाचा मुद्दा येथूनच सुरू होतो. पूर्वीच्या नाण्यांच्या फोनच्या जागी, येरवडा मध्यवर्ती कारागृहातून २०२३ मध्ये आरंभ करून, स्मार्ट कार्डावर चालणारी दूरध्वनी सुविधा राज्यात आली ही सुधारणा आहे आणि तिचे श्रेय आपल्या विभागाला दिलेच पाहिजे. तथापि बोलण्याचे पैसे बंद्याच्या खात्यातून जातात, आणि हे खाते भरते ते घरून आलेल्या मनीऑर्डरीने किंवा कारागृहातील कामाच्या मजुरीने. सिद्धदोष बंद्याला, म्हणजे शिक्षा झालेल्याला, निदान मजुरी मिळते. न्यायाधीन बंद्याला काम सक्तीचे नसल्याने बहुधा तीही मिळत नाही. परिणामी ज्याच्या घरून पैसे येतात तोच घरी बोलू शकतो, आणि ज्याच्या घरच्यांना तो कोठे आहे हेच माहीत नाही, तो त्यांना ते कळवण्यासाठी लागणारे पैसे त्यांच्याकडूनच येण्याची वाट पाहत राहतो. बाहेरच्या जगात महिन्याच्या एका रिचार्जमध्ये हवे तितके बोलता येत असताना कारागृहातील मिनिटाला वेगळा दर लावण्याचे कारण नाही.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव इशारा देणारा आहे. तेथे कारागृहांतील फोनचा ठेका खासगी कंपन्यांकडे गेला, कंपन्यांनी मिळकतीचा वाटा कारागृहे चालवणाऱ्या यंत्रणांना देण्याची प्रथा पडली, आणि त्यामुळे दर जितका चढा तितका यंत्रणेचा लाभ, असे गणित तयार झाले. नातवाशी बोलण्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या भरमसाट दरांविरुद्ध मार्था राइट नावाच्या आजीने सुरू केलेला लढा दोन दशके चालला, आणि तिच्या नावाने ओळखला जाणारा, दर वाजवी ठेवण्याचे अधिकार तेथील दूरसंचार आयोगाला देणारा कायदा अखेर जानेवारी २०२३ मध्ये अमलात आला, तेव्हा ती हयात नव्हती. कनेटिकट राज्याने तर २०२१ मध्येच कायदा करून हे फोन विनामूल्य केले. महाराष्ट्रात ही सेवा आता विस्तारत असताना ठेक्याच्या अटींत मिळकतीचा कोणताही वाटा शासनाकडे वा कारागृहाकडे येणार नाही हे आत्ताच लिहून ठेवणे, पुढे दोन दशके भांडण्यापेक्षा सोपे आहे.

दुसरी अडचण वेळेची आणि यंत्रांच्या संख्येची आहे. उदाहरणादाखल हिशेब मांडल्यास, १,००० बंद्यांना आठवड्यातून तीनदा सहा मिनिटे बोलू द्यायचे ठरवले तर आठवड्याला ३०० तास लागतात. दिवसाला सहा तास फोन खुला ठेवला तर एका यंत्रावर आठवड्यात ४२ तास मिळतात. म्हणजे रांगेत क्षणाचाही खंड न पडता आठ यंत्रे लागतील. मुंबई, ठाणे, येरवडा यांसारख्या कारागृहांत बंद्यांची संख्या याच्या कित्येक पट आहे आणि ती क्षमतेहून जास्त आहे. शिवाय हे सहा तास दिवसाचे असतात, कारण सायंकाळी बंद्यांची मोजणी होऊन बराकी, म्हणजे सामुदायिक खोल्या, बंद केल्या जातात. नेमका त्याच वेळी घरचा माणूस कामावरून परततो. दुपारी शेतात, बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करत असताना आलेला अनोळखी क्रमांक उचलला जात नाही, आणि हुकलेल्या फोनला उलट फोन करण्याची सोय नाही. आईच्या बाबतीत ही गैरसोय अधिक टोचते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणातील निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत कारागृहात राहू शकते. त्याहून मोठी मुले बाहेर, आजीकडे, मामाकडे किंवा बालगृहात असतात, आणि फोन खुला असण्याच्या वेळेत ती शाळेत असतात. स्त्री बंद्यांसाठी स्वतंत्र कारागृहे मोजकीच असल्याने त्या घरापासून आधीच दूर पडलेल्या असतात. बराकीच्या आवारातच यंत्रे बसवून सायंकाळी सहा ते आठ ही वेळ खुली करणे आणि स्त्री विभागांपासून त्याचा आरंभ करणे शक्य आहे. इंग्लंडमधील अनेक कारागृहांत तर कोठडीतच फोन दिलेले आहेत.

क्रमांकाची पडताळणी, म्हणजे बंदी ज्याला फोन करणार तो खरोखरच नातेवाईक आहे याची पोलिसांकरवी खातरजमा, ही सुरक्षेसाठी आवश्यक आहे. मात्र सिमकार्ड नातेवाइकाच्याच नावावर असले पाहिजे असा आग्रह धरल्यास गरीब कुटुंबे गळतात, कारण तेथे एकच मोबाइल सगळे घर वापरते आणि तो बहुधा दीर, शेजारी किंवा पूर्वीच्या मालकाच्या नावावर असतो. बिहार, झारखंड वा बंगालमधून मुंबई-पुण्याकडे कामाला आलेल्या माणसाची पडताळणी त्याच्या गावच्या ठाण्यातून व्हायची तर ती महिनोन् महिने रखडू शकते. भामरागड तालुक्यातील आदिवासी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात असतो तेव्हा घर ३०० किलोमीटरांहून दूर असते, गावात नेटवर्क धड नसते, आणि संभाषण ऐकणाऱ्याला कळावे म्हणून त्याने आपल्या माडिया भाषेऐवजी मराठीत बोलावे अशी अपेक्षा ठेवली तर त्याच्या आईशी त्याचे बोलणेच होऊ शकत नाही. ई-मुलाखत, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीवरून आधी नोंदणी करून घडणारी दृश्य भेट, अशा घरांना पुरेशी नाही, कारण तिला स्मार्टफोन, चांगले जाळे आणि अर्ज भरता येणारी व्यक्ती, तिन्ही लागतात. पडताळणी होईपर्यंत, ग्रामपंचायतीच्या किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाच्या साक्षीवर तात्पुरती परवानगी देण्याची तरतूद म्हणूनच हवी.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. कारागृहांतून खंडणीचे फोन झाले आहेत, साक्षीदारांना धमकावले गेले आहे, आणि ३१ मार्च २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच बंदी पळाल्यावर तेथे झालेल्या झडतीत मोबाइल सापडले होते. पण हे सगळे चोरून आत आलेल्या मोबाइलचे प्रताप आहेत. नोंदवलेल्या क्रमांकावर, ध्वनिमुद्रित होणाऱ्या आणि कोणत्याही क्षणी तोडता येणाऱ्या अधिकृत फोनचे नाहीत. चोरट्या मोबाइलला आत मिळणारी किंमत ज्या गरजेवर उभी असते, तिचा मोठा भाग केवळ घरी बोलण्याचा असतो, आणि तो अधिकृतपणे भागला की उरलेल्या गुन्हेगारी वापरावर कर्मचाऱ्यांना लक्ष केंद्रित करता येते. घराशी टिकलेला संबंध सुटकेनंतरच्या वर्तनावरही परिणाम करतो असे दिसते. इंग्लंड-वेल्समध्ये लॉर्ड फार्मर यांनी २०१७ मध्ये केलेल्या अभ्यासात, कुटुंबीयांची भेट मिळणाऱ्या बंद्यांनी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी असल्याचा आकडा दिलेला आहे. ज्यांची कुटुंबे आधीच घट्ट असतात त्यांनाच भेटी अधिक मिळतात, हे ध्यानात घेऊन हा आकडा जपून वापरावा लागतो; पण जपून वापरला तरी तो संबंध तोडण्याच्या बाजूने खचितच जात नाही.

यासोबत फोन घेणाऱ्याचाही हक्क मानावा लागेल. कौटुंबिक छळाच्या किंवा बालकावरील अत्याचाराच्या प्रकरणात फिर्यादी आणि नातेवाईक एकच असतात, आणि अशा स्त्रीला वा मुलाला तुरुंगातून येणारा प्रत्येक फोन हा दबाव ठरू शकतो. म्हणून क्रमांक नोंदवताना त्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि ती कोणत्याही दिवशी, कारण न देता, मागे घेता यावी.

वकिलाशी होणाऱ्या बोलण्याबाबत मात्र गंभीर विसंगती आहे. १८९४ च्या अधिनियमातील ४० व्या कलमाने न्यायाधीन बंद्याला वकिलाची भेट तिसऱ्या व्यक्तीच्या अनुपस्थितीत मिळण्याची तरतूद केली, आणि वकील व अशील यांच्यातील संभाषणाच्या गोपनीयतेला भारतीय साक्ष अधिनियमाचे १३२ वे कलम आजही संरक्षण देते. तेच बोलणे फोनवर झाले की ध्वनिमुद्रित होते, ही गोष्ट ब्रिटिश अमदानीतील कायद्यानेही दिलेले संरक्षण काढून घेण्यासारखी आहे. बार कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकावरून पडताळलेल्या वकिलांचे क्रमांक ध्वनिमुद्रणातून वगळावेत आणि ते कुटुंबाच्या मिनिटांत मोजू नयेत.

तसेच विशिष्ट कायद्यांखालील आरोपींना सरसकट फोन नाकारण्याची पद्धत तपासावी. दिल्ली कारागृह नियम २०१८ मधील ६३१ व्या नियमात अशी वर्गवारी आहे आणि तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या ४३ड (५) या कलमामुळे ज्यांना जामीन मिळणे सर्वांत कठीण, तेच खटला सुरू होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे आत राहतात. म्हणजे ज्यांचा दुरावा सर्वांत लांब, त्यांचाच फोन बंद. एखाद्या बंद्याच्या बाबतीत ठोस धोका असेल तर तो लेखी नोंदवून, मुदत घालून, आव्हान देता येईल असा आदेश काढावा. लावलेल्या कलमाकडे पाहून नव्हे. हाच दंडक शिस्तभंगाच्या शिक्षेलाही लागू करावा, कारण बराकीतील भांडणाबद्दल फोन तोडला तर शिक्षा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या मुलांना होते.

शेवटचा मुद्दा उलट दिशेच्या फोनचा. आजची सारी व्यवस्था आतून बाहेर जाणारी आहे. घरच्यांना आत काही कळवायचे असेल, बंदी आजारी असल्याचे कानावर आले असेल किंवा त्याला दुसऱ्या कारागृहात हलवल्याचा संशय असेल, तर विचारायचे कोणाला हे त्यांना माहीत नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत, म्हणजे बंद्यांना द्यावयाच्या वागणुकीच्या किमान मानकांत, ५८ वा नियम दूरसंचार साधनांनी कुटुंबाशी नियमित संपर्काची अपेक्षा ठेवतो आणि ७० वा नियम जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजाराची वा मृत्यूची खबर बंद्याला तत्काळ देण्यास सांगतो. आणीबाणीत समाजवादी नेते मधू दंडवते बंगळूरच्या आणि प्रमिला दंडवते येरवड्याच्या कारागृहात असताना या दांपत्याचा संबंध पत्रांवर टिकला, कारण त्या काळी दुसरे साधनच नव्हते. आज साधन बहुतेक घरांत आहे. प्रत्येक कारागृहाचा एक क्रमांक दिवसरात्र उचलला जाईल असा जाहीर करावा, त्यावर आलेला निरोप नोंदवहीत लिहून चोवीस तासांत बंद्याला सांगितल्याची त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, बंद्याला रुग्णालयात वा अन्य कारागृहात हलवल्यास नोंदवलेल्या क्रमांकावर संदेश जावा, आणि मृत्यूची खबर असेल तर त्याच दिवशी, खात्यावर पैसे आहेत की नाहीत आणि आठवड्याचा वाटा संपला आहे की नाही हे न पाहता, त्याला घरी बोलू द्यावे.

कळावे,

महाराष्ट्रातील एक नागरिक